पहिला कौल

पेंगहू, ९ एप्रिल १९७४

चि. ग्योक हिला ताईचा आशीर्वाद.

तू मालबोटीने पाठवलेले सामान काल पोचले. कापूरतेलाच्या बाटल्या दोन, अठरा युआनप्रमाणे. शेवयांचे पुडके एक, बारा. लाल रंगाची पुडी, पाच. शिवाय धक्क्यावरून घरी आणायचे हमालाने तीन घेतले, ते तू धरलेच नाहीस. एक बाटली पुरली असती. दुसरी मी देवळातल्या पुजाऱ्यांच्या गुडघ्यांसाठी देऊन टाकली. रंग मात्र वेळेवर आला. आपल्या समुद्रदेवी मात्सूआईचा वाढदिवस सोमवारी आहे आणि नैवेद्याची तांदळाच्या पिठाची लाल कासवे यंदा कमी करायची नाहीत असे मी ठरवले आहे.

हे सगळे आधी लिहिले, कारण जे लिहायचे आहे त्याला हात धजत नाही.

आ-खिमचे वडील आ-सेंग गेल्या महिन्यात समुद्रात माकुल धरायला गेले ते आले नाहीत. दोन दिवस उत्तरेचा वारा होता. बोटीच्या नाकावर रंगवलेला डोळा असतो ना, तेवढी फळी पलीकडच्या बेटाला लागली. दुसरे काही नाही. त्या मुलीला आई आधीच नाही, हे तुला ठाऊक आहे.

परवा ती माझ्याकडे आली. रडली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या आ-हुनला पत्र टाका. पुजारी म्हणतात, लेकरांनी किनाऱ्यावरून हाक मारल्याशिवाय बाबांचा आत्मा घरी येणार नाही. आणि मी काही त्यांची एकटी नाही. देवीपुढे तीही त्यांची मुलगी झालीय."

इथली शाळा संपली तेव्हा दोघींनी देवीपुढे बहिणी होण्याचे वचन घेतले होते, तू होतीस त्या दिवशी. तुझा बाप तो माझा बाप, असे दोघी मोठ्याने म्हणाल्या आणि आपण हसलो होतो. पोरीबाळींचा खेळ वाटला होता आपल्याला.

मी खिमला म्हटले, "आजच लिहिते." तिला जेवायला वाढले. ती गेल्यावर कागद घेतला आणि तसाच ठेवला. पहिल्या जुलैला आ-हुनची विद्यापीठाची परीक्षा. पोरगी एकदा या बेटावर आली, खिमचे तोंड पाहिले, तर पुन्हा तुझ्या घरी जाऊन पुस्तक उघडेल का? हे तिकडे दक्षिणेच्या समुद्रात दोन वर्षांच्या करारावर ट्यूना धरताहेत ते कशासाठी? मुलीने समुद्राकडे पाठ करावी म्हणूनच ना?

म्हणून देवळात गेले आणि कौल लावला. तुझ्यापासून लपवत नाही. विचारले, आ-हुनला बोलवू का? लाकडाच्या दोन चंद्रकोरी फोडींपैकी एक सपाट बाजू वर पडली, एक पाठ वर. म्हणजे हो. मला वाटले, माझे मन थाऱ्यावर नव्हते, प्रश्न नीट गेला नसेल. पुन्हा टाकल्या. दोन्ही सपाट. देवी नुसती हसली, उत्तर दिले नाही. मग प्रश्न फिरवला: परीक्षा होईपर्यंत लेकराला दुःखापासून दूर ठेवू का? याला हो आले. मी नमस्कार करून घरी आले.

तेव्हा आ-हुनला काही सांगू नकोस. बेटाकडचे कोणी बाजारात भेटले तर तिला घेऊन तिथे थांबू नकोस. जुलैत मी स्वतः सांगेन.

तुझी ताई

•

काओश्युंग, १६ एप्रिल

ताईला नमस्कार.

हमालाचे तीन युआन पुढच्या वेळी पाठवते, त्यावरून तुझी झोप जायला नको.

आ-सेंगभावजींचं वाचून मी गॅस बंद करून बसले. गेल्याच नववर्षाला आमच्याकडे येऊन सुकी मासळी देऊन गेले होते, चहा घेतल्याशिवाय उठले नव्हते.

आणि ताई, तू म्हणजे कमाल आहेस. भाजीवालीशी घालतेस तसा देवीशी वाद घातलास. ती बिचारी पहिल्यांदाच हो म्हणाली होती. तू भाव पाडत पाडत तुझ्या किमतीला आणलीस. पण मी तरी काय बोलू? आ-हुनला मी रोज पहाटे उठवते, तिचे डोळे बघते, आणि मलाही वाटतं की एवढी परीक्षा होऊ दे. मी गप्प बसेन. मला ते जड जाईल, एवढं लिहून ठेवते.

जड जाईल, कारण आ-हुनच्या मनात खिमबद्दल आधीच एक काटा आहे. परवा भांडी घासताना सांगितलं तिने. नववर्षाला भावजी बाजारात होते तेव्हा खिम हिच्या शाळेच्या फाटकाशी गेली होती. रबरी बूट, डोक्याला फडकं, हातात माशांचं पुडकं. वर्गातल्या मुलींनी विचारलं, "कोण गं ही?" तर आपली शहाणी म्हणाली, "आमच्या गावची मासेवाली."

खिमने ऐकलं. पुडकं हिच्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पैसे नंतर दिलेत तरी चालतील, बाईसाहेब." आणि गेली.

"मावशी, ती हसत म्हणाली असती तर मला एवढं लागलं नसतं," असं म्हणत पोरगी राखेने एकच वाटी घासत राहिली.

आता तिने खिमला माफीचं पत्र लिहिलंय. चार पानं. मला न दाखवता काल पेटीत टाकलं, नाहीतर मी काहीतरी करून अडवलं असतं. ते आता तुमच्याकडे येईल. काय होईल ते तूच बघ.

ग्योक

•

पेंगहू, २६ एप्रिल

चि. ग्योक,

तुझे पत्र मिळाले. माझे हे पत्र चुलीत टाक.

शनिवारी भरती सुरू झाली तेव्हा आ-सेंगना हाक मारायला सगळे किनाऱ्यावर गेलो. खिमच्या हातात हिरवा बांबू, त्याला बापाचा सदरा बांधलेला. तिने हाक मारली, "बाबा, घरी चला. पाणी गार आहे, घरी चला." तिचा आवाज चांगला होता. पुजाऱ्यांनी कौल टाकला. दोन्ही फोडी पाठ वर. नाही. पुन्हा हाक, पुन्हा नाही. सदऱ्याची खालची कड भिजायला लागली.

मग ती वाळूत गुडघे टेकून एकेक विचारायला लागली. "भूक लागलीय का? बोट बुडाली म्हणून लाज वाटतेय का? मी त्या दिवशी डबा उशिरा दिला म्हणून रागावलात का?" प्रत्येकाला नाही. मला कळले होते ग्योक, ती पुढे काय विचारणार ते. मी मनात मात्सूआईला म्हटले, हे तेवढे विचारायला लावू नकोस.

खिमने विचारले, "आ-हुनची वाट बघताय का?"

एक सपाट, एक पाठ वर. पुजाऱ्यांनी खात्रीसाठी पुन्हा टाकल्या. तेच. तिसऱ्यांदा तेच.

सगळे माझ्याकडे वळले. पुजारी म्हणाले, "तुमची मुलगी कुठाय? तिला कळवलं नाही?"

खरे सांगायला तेवढाच वेळ होता, आणि मी म्हणाले, "कळवलं होतं. परीक्षा आहे तिची. जमणार नाही म्हणाली."

हे मी बोलले. देवीची पालखी जिथून निघते त्या वाळूवर उभी राहून बोलले. माझे पाप झाकायला मुलीचे नाव पुढे केले.

खिम उठली. सदरा सोडला, पिळला, घडी घातली. म्हणाली, "मग बाबा थांबतील. त्यांना सवय आहे. शाळेची होडी चुकली की आम्हा दोघींसाठी धक्क्यावर तेच थांबायचे."

आणि दोनच दिवसांनी आ-हुनचे पत्र आले. खिम ते घेऊन माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. मी म्हटले, "आत ये गं, पेज घे थोडी." ती म्हणाली, "मावशी, चार पानं लिहिलीयत तिने. शाळेच्या फाटकाचं. माझ्या बुटांचं. तिला रात्री झोप येत नाही त्याचं. बाबांचं एक अक्षर नाही. त्यांना हाक मारायला यायला जमलं नाही, आणि माझ्या बुटांबद्दल वाईट वाटतंय." पत्र माझ्या हातात दिले. "हे तिला परत पाठवा. मी उत्तर देणार नाही."

मी घेतले. तांदळाच्या डब्याखाली ठेवले आहे. रोज तांदूळ काढताना डबा उचलावा लागतो.

परीक्षेला आता दोनच महिने उरले. एवढे ताणले आहे तर तेवढे ताणावे, असे एक मन म्हणते. दुसऱ्या मनाचे मी ऐकत नाही.

तुझी ताई

•

काओश्युंग, २१ मे

ताई,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. तू आजारी नाहीस, हे मला मालबोटीवरच्या माणसाकडून कळलं. म्हणजे मुद्दाम गप्प आहेस. बस गप्प, पण हे वाच.

आ-हुन जेवत नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की पुस्तक उपडं टाकून जिन्यात जाते आणि हात हलवत परत येते. सराव परीक्षेत खाली गेली, इतकी खाली की बाईंनी मला शाळेत बोलावलं. मी काय सांगणार? डोकं दुखतं म्हटलं. माझ्या जिभेला आता सवय लागलीय.

काल रात्रीचं जेवण उरकल्यावर विचारते, "मावशी, एका वाक्यावरून माणूस किती दिवस रागावतं?"

मी म्हटलं, "वाक्यावर अवलंबून आहे."

"मग माझं वाक्य तसंच होतं," म्हणाली. "तिचे बाबा आम्हा दोघींना एकाच ताटात वाढायचे. आणि मी तिला मासेवाली म्हटलं. मला पास होऊन तरी काय मिळणार आहे?"

ताई, तिला वाटतं की खिम त्या फाटकावरच्या शब्दापायी गप्प आहे. जे तिने केलं त्याची शिक्षा तिने सोसली असती. पण जे तू केलंस त्याचीही शिक्षा ती सोसतेय, आणि तिला ठाऊकसुद्धा नाही. तिकडे खिमला वाटतं ती उलट्या काळजाची. आपण दोघी म्हाताऱ्या मध्ये बसून दोन पोरींना एकमेकींच्या नजरेतून उतरवतोय. जिच्यासाठी लपवलंस तीच हातातून चाललीय.

तू पंधरा दिवसांत सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मला कौलबिल लावायचा नाही.

ग्योक

•

पेंगहू, १० जून

आ-हुन,

हे पत्र ग्योकमावशी तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत जवळ बसेल. तिच्यावर रागावू नकोस. तिला गप्प मी बसवले.

खिमचे बाबा मार्चअखेर समुद्रात गेले ते आले नाहीत. खिमने मला तुला बोलवायला सांगितले होते, हाक मारायला. मी लिहिले नाही. उलट तू येणार नाही म्हणालीस असे सगळ्यांसमोर सांगितले. आ-सेंगभावजींना खिमने हाक मारली तर ते आले नाहीत. तुझी वाट बघत आहेत, असा कौल तीनदा पडला. त्यानंतर तुझे माफीचे पत्र खिमला मिळाले आणि त्यात तिच्या बाबांचे काही नव्हते, कसे असणार? तिने ते मला दिले. तुझ्या पत्राला उत्तर आले नाही ते फाटकावरच्या बोलण्यामुळे नव्हे. माझ्यामुळे.

फाटकावरचे तुझे तू बघ. ते मला पुसता येणार नाही. पण माझे ओझे तुझ्या अंगावर होते, ते काढून घेते आहे.

खिम या महिन्याच्या बावीस तारखेला उत्तरेला रेडिओच्या कारखान्यात कामाला जाते आहे. घराला कुलूप लावणार. बाप समुद्रातच राहणार, असे ती बोलून दाखवत नाही, पण देव्हाऱ्यातली त्यांची जागा तिने रिकामी ठेवली आहे.

तुझी परीक्षा एक जुलैला आहे. ये असे मी म्हणत नाही, येऊ नकोस असेही नाही. कौल लावलेला नाही. लावणारही नाही. तिकिटापुरते पैसे मावशीजवळ आहेत.

तुझी आई

•

पेंगहू, १९ जून

चि. ग्योक,

आ-हुन सोमवारी सकाळच्या बोटीने आली. ऊन होते म्हणून मी छत्री घेऊन धक्क्यावर गेले होते. ती माझ्याजवळून गेली. "आई" एवढे म्हणाली, छत्री घेतली नाही. सरळ खिमच्या गल्लीकडे निघाली. मी मागे राहून चालले.

खिम दारात बसून बोचके बांधत होती. वर न बघता म्हणाली, "कोण पाहिजे?"

आ-हुन म्हणाली, "खिम."

"खिम नाही. मासेवाली आहे, काही घ्यायचंय?"

मला वाटले पोरगी आता मागे फिरेल. ती तिथेच उंबऱ्यापाशी खाली बसली. "ते मी म्हटलं होतं," म्हणाली. "त्याबद्दल तू मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण बाबांचं मला चार दिवसांपूर्वी कळलं. चार दिवसांपूर्वी, खिम."

"मावशी तर म्हणाल्या..." असे बोलून खिमने माझ्याकडे पाहिले. कोपऱ्यावरच्या शिंपल्या फोडणाऱ्या बायकांनीही हात थांबवले. ग्योक, मान खाली घालायला तेव्हाही वाव होता. मी छत्री मिटली आणि म्हटले, "ती खरं बोलतेय. मी तिला लिहिलंच नव्हतं. किनाऱ्यावर खोटं बोलले."

खिमने बोचक्याची गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवले होते, मावशी."

"हो," मी म्हटले.

भरतीच्या वेळी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. पुजारी, मी आणि चार शेजारणी. या वेळी बांबू दोघींनी धरला होता. खिमने हाक मारली आणि मग आ-हुनने. "बाबा," अशी तिने त्या पाण्याला हाक मारली, "बाबा, उशीर झाला मला, घरी चला." तिचे स्वतःचे बाबा त्याच पाण्यावर कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. मी तिथेच वाळूत बसले, कोणी उठवायला आले नाही आणि ते बरोबरच होते.

पहिल्याच कौलाला हो आले. पुजाऱ्यांनी दुसऱ्यांदा टाकायला फोडी उचलल्या, तर खिम म्हणाली, "राहू द्या. आले म्हणालेत ना." मी एप्रिलमध्ये देवळात उभी होते तेव्हाही देवी पहिल्यांदाच हो म्हणाली होती.

सदरा दोघींनी घरी नेला. आ-हुन तिकडेच जेवली, तिकडेच झोपली. मी एक मोठा वाडगा भरून लाल कासवे दिली होती. खिमने वाडगा दुसऱ्या दिवशी परत आणला, स्वच्छ घासलेला. आपल्याकडे कुणाचा वाडगा रिकामा परत करत नाहीत. तिने रिकामा आणला. तो तसाच ओट्यावर ठेवला आहे, अजून फडताळात लावला नाही.

दोघी आजच्या बोटीने निघाल्या. खिमने घराला कुलूप लावले, बापाच्या नावाची देव्हाऱ्यातली पाटी कापडात गुंडाळून छातीशी धरली. एकमेकींशी फार बोलत नव्हत्या. बोचके मध्ये ठेवून दोन बाजूंनी उचलले होते. माझ्या मनात आले, ही पोर उत्तरेला, ती परीक्षेला, पुढच्या वर्षी एकमेकींना ओळखतील तरी का? पण हे मी ठरवायचे नाही.

बोट सुटायच्या आधी आ-हुन माझ्याजवळ आली. मला वाटले पाया पडेल. ती म्हणाली, "आई, यापुढे माझ्यासाठी देवीला काही विचारायचं असेल, तर आधी मला विचार." आवाज चढलेला नव्हता. मोठी बाई बोलावी तशी बोलली. मी बरे म्हटले.

परीक्षेत काय होईल ते होईल. हे मी लिहिते आहे, पण मन अजून तिथेच घुटमळते, हेही लिहिते. रोज सकाळी उदबत्ती लावते आणि काही मागत नाही. मागायची सवय तुटत नाही, ओठ हलतात.

आ-हुनच्या पिशवीत सुकी माकुल आणि शेंगदाणे बांधून दिले आहेत. त्यातला निम्मा वाटा खिमचा. तू घेतलेस म्हणून सांग, असे लिहिणार होते. नको. मी दिले असेच सांग, आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नकोस, बाजूला ठेव.

कारखान्याची गाडी येईपर्यंत खिमला तुझ्याकडेच राहू दे. तिच्या अंथरुणापांघरुणाचा जो खर्च होईल तो माझ्याकडे लाव.

मला उलट टपाली एवढे कळव: दोघी सुखरूप पोचल्या का, एका ताटात जेवल्या का, आणि बोलण्यात माझे नाव निघाले का. निघाले नसेल, तर निघाले नाही असेच लिही.

तुझी ताई